ज्यानं नाव सांगितलं, त्याच्या दारात

इसवी सन २५०, वर्षाचे सुरुवातीचे महिने. तुम्ही कार्थेजमध्ये आहात, बिर्सा टेकडीच्या चढावर. खाली गोल गोदीचं बंदर आहे. रोमला जाणारा गहू आणि ऑलिव्हचं तेल तिथं जहाजांत चढतं आहे. गर्दी मात्र आज बंदराकडे पाठ करून वर निघाली आहे. रेटा इतका आहे की पाय उचलले नाहीत तरी तुम्ही पुढे सरकता.

वर वेदी पेटलेली आहे. डेसियस गेल्या वर्षी सम्राट झाला. सीमेवर गॉथ टोळ्या धुमाकूळ घालत आहेत, आणि देवांची कृपा परत मिळवायची तर साऱ्या साम्राज्यानं देवांना अर्पण केलं पाहिजे, असा त्याचा हुकूम आहे. धूप घालायचा, मद्य ओतायचं, बळीच्या मांसाचा घास खायचा, आणि तसा दाखला घेऊन घरी जायचं. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत टिकून राहिले. अर्जदार देवांना नेहमीच अर्पण करत आला आहे, आत्ताही साक्षीदारांसमोर केलं आहे, एवढाच त्यांचा मजकूर. ख्रिस्ताचं नावही त्यात नाही. कुणाला शिव्याशाप द्यायचे नाहीत, फक्त चिमूटभर धूप टाकायचा.

आणि मग तुम्हाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात. गेल्याच रविवारी तुमच्या शेजारी उभं राहून ज्यांनी प्रभुभोजन घेतलं, ते लोक कुणी न बोलावता वेदीकडे धावत आहेत. कडेवर तान्ही मुलं आहेत. संध्याकाळ होते, अधिकारी उरलेल्यांना उद्या या म्हणतात, आणि ही माणसं आजच उरकून टाका म्हणून गयावया करतात. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं पुढे हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळतं. आणखी काहीजण वेदीपर्यंत गेलेच नाहीत, त्यांनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला.

तुम्ही अर्ध्या वाटेवरून परत फिरता. तुमच्या घरापासून दोन दारं सोडून एक तांबट राहतो. हौदावर रोज भेटणारा, गरज पडली तर हातोडा उसना देणारा. अधिकाऱ्यांच्या मदतीला शहरातली पाच प्रतिष्ठित माणसं नेमलेली आहेत. त्यांना तुमचं दुकान कुठलं आणि तुम्ही कोण, हे तोच सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नसतो. त्याला त्याच्या मुलांची काळजी आहे, आणि गावात देवांना न मानणारं घर असलं तर संकट साऱ्या गल्लीवर येतं, असं त्याला मनापासून वाटतं. ठरलेला दिवस उलटतो. तुमच्या मालावर जप्ती येते आणि तुम्ही रातोरात शहराबाहेर पडता.

तुमच्याआधीच बिशपही गेला आहे. सिप्रियनला सिंहापुढे टाका, असं लोक ओरडत होते. हा माणूस नावाजलेला वक्ता होता, चाळिशीच्या आसपास ख्रिस्ती झाला, मालमत्तेतलं बरंचसं विकून त्यानं गरिबांना वाटलं, आणि दोनतीन वर्षांतच बिशप झाला. तो लपून बसला म्हणून त्याची निंदा झाली. रोमचा बिशप फेबियन त्याच जानेवारीत मारला गेला होता, आणि तिथल्या धर्मगुरूंनी कार्थेजला लिहिलेल्या पत्रात मोलकरी मेंढपाळाचा टोमणा आहे. लपलेल्या जागेवरून सिप्रियन पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला: तुरुंगातल्यांना अन्न पोचवा, विधवांचं बघा, मुद्दाम कुणाला डिवचू नका.

मला त्याचं पळणं चुकीचं वाटत नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, हे येशूनंच शिष्यांना सांगितलं आहे. जो छळ ओढवून घेतो तो छळणाऱ्यालाही पापात ओढतो, आणि त्या भागातल्या मंडळ्यांचे शहाणे लोक हे ओळखून होते. जे राहिले त्यांनी मात्र फार सोसलं. न्युमिडिकस नावाच्या एका माणसाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत जाळली गेली. तोही अर्धवट जळाला, त्याच्यावर दगड पडले, मेला म्हणून लोक सोडून गेले. त्याच्या मुलीनं त्याला शोधून काढलं तेव्हा श्वास चालू होता.

पुढच्या वर्षी डेसियस गॉथांशी लढताना मारला जातो. त्याआधीच, ईस्टरनंतर, बिशप परतलेला असतो, तुम्हीही परतता. दुकान रिकामं आहे. आता दाराशी दुसरेच लोक येऊन उभे राहतात. ते तांबटासारखे बाहेरचे नाहीत, वेदीकडे धावलेले तुमचेच भाऊबंद आहेत. रडतात, परत घ्या म्हणतात. तुमच्या लक्षात येतं की तांबटाचा राग तुम्हाला एवढा आलाच नव्हता. त्याला काय माहीत होतं? पण यांना तर सगळं माहीत होतं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू म्हणतो, अशांना मंडळीचं दार कायमचं बंद. कार्थेजमध्ये उलट टोकाचे लोक आहेत, ते म्हणतात सगळ्यांना उद्याच घ्या. सिप्रियन दोन्ही नाकारतो. बिशपांची सभा भरते, एकेका माणसाची चौकशी होते, पश्चात्तापाला वेळ दिला जातो, मरणाच्या दारात असलेल्याला शांती दिली जाते. काम किचकट आहे, संथ आहे, आणि त्यात कुणालाही विजय मिळत नाही. विरोधाचा काळ संपल्यावर मंडळी स्वतःच्या दुबळ्यांशी कशी वागते, यावर मी तिची पारख करीन. बाहेरच्यांना क्षमा करणं त्यामानानं सोपं असतं.

मग साथ येते.

२५२ साल. कुणी म्हणतात इथिओपियातून आली, इजिप्तमार्गे आली. सिप्रियननं लक्षणं लिहून ठेवली आहेत म्हणून तिला आजही त्याच्याच नावानं ओळखतात. जुलाब थांबत नाहीत, अंगातलं सगळं बळ निघून जातं. घशात आगीसारखे व्रण उठतात. ओकारीनं आतडी पिळवटतात. डोळे रक्तानं पेटतात. कुणाचे पाय सडतात, कुणाचे कान जातात, कुणाची दृष्टी. तुमच्या गल्लीतली दारं एकेक करून बंद होतात, आणि काही दारं उघडतात ती घरातल्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठी. जणू मरणाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढलं की मरणही त्याच्याबरोबर जाईल. रस्त्यावर प्रेतं पडून आहेत. पॉन्टियस हा सिप्रियनचा डीकन, त्यानं हे चित्र लिहून ठेवलं आहे.

आणि याच दिवसांत शहरात बोललं जातं की हे ख्रिस्त्यांमुळे झालं. त्यांनी देव सोडले म्हणून देव कोपले. डेमेट्रियानस नावाचा एक वजनदार माणूस दुष्काळ, युद्ध, साथ सगळं तुमच्या माथी मारतो. हा आरोप नवा नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी याच शहरात टर्टुलियननं लिहून ठेवलं होतं की पूर आला तरी ख्रिस्ती दोषी आणि पाऊस लांबला तरी ख्रिस्ती दोषी.

बिशप सगळ्यांना एकत्र बोलावतो. तुम्ही मागे भिंतीशी उभे आहात. कदाचित तुमची अपेक्षा आहे की तो म्हणेल, आपल्या लोकांची काळजी घ्या, आपण आधीच लुटले गेलो आहोत. तो म्हणतो ते वेगळंच. आपल्याच माणसांना जपलं तर त्यात विशेष काही नाही, जकातदार आणि परधर्मीयही तेवढं करतात. आपला पिता सूर्य उगवतो तो वाईटांवरही आणि चांगल्यांवरही, पाऊस पाडतो तो सगळ्यांच्या शेतात. त्याची लेकरं म्हणवायचं तर शत्रूवर प्रेम करा, छळणाऱ्यांच्या तारणासाठी प्रार्थना करा. डोंगरावरचं प्रवचन तुम्ही शंभरदा ऐकलेलं आहे. आज मात्र त्याच्या शेवटी कामाची वाटणी होते. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं पैसा द्यायचा. ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं अंगमेहनत द्यायची, आणि पॉन्टियस म्हणतो की त्या मेहनतीचं मोल पैशाहून अधिक होतं.

तुमच्याकडे पैसा नाही. तुम्हाला घागर मिळते, फडकी मिळतात आणि तुमचीच गल्ली मिळते.

तिसऱ्या दिवशी तुम्ही तांबटाच्या दारात पोचता. बायको मुलांना घेऊन गावाबाहेर गेली आहे. तो भट्टीजवळ जमिनीवर पडला आहे, अंगाखाली घाण आहे, डोळे लाल आहेत, तुम्ही कोण आलात ते त्याला दिसत नाही. वास असा आहे की तुम्ही पुन्हा बाहेर येता. भिंतीवर त्याचा हातोडा टांगलेला आहे. कोपऱ्यातलं एक पितळी भांडं तुम्ही ओळखता, ते तुमच्या दुकानातलं आहे. जप्तीच्या मालातून त्यानं स्वस्तात घेतलेलं असणार.

इथे थांबा, कारण सगळा प्रश्न इथे आहे. या क्षणी तुमच्या मनात प्रेम नाही. राग आहे, शिसारी आहे, आणि सरळसाधी भीतीही आहे की उद्या मीच असा पडलेलो असेन. येशूनं शत्रूवर प्रेम करा म्हटलं ते मनात आपोआप उमलणाऱ्या भावनेविषयी असतं, तर तुम्ही आत्ता परत गेलात तरी चाललं असतं. बिशपनं तुम्हाला भावना दिली नाही, घागर दिली. तुम्ही आत जाता. तोंडाला पाणी लावता, ते बाहेर येतं, पुन्हा लावता. अंग पुसता. संध्याकाळी पेज आणता. मन तुमच्या हातांच्या मागून येतं, फार मागून, आणि काही दिवस येतही नाही.

या तांबटाचं नाव कुठल्याच कागदात नाही, तो मी उभा केला आहे. पण त्या मंडळीची मदत केवळ आपल्यातल्यांपुरती थांबली नाही, हे पॉन्टियसनं स्पष्ट लिहिलं आहे. आणि दोनच वर्षांपूर्वी ज्या शहरानं बिशपला सिंहापुढे टाकायला सांगितलं, त्या शहरात ख्रिस्ती मंडळीबाहेरचा आजारी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की अशा साथीत औषध नसलं तरी पाणी, अन्न आणि सोबत एवढ्यानंही बरेच जीव वाचतात.

तुमचा तांबट वाचतो. तो ख्रिस्ती होत नाही. मी मुद्दाम त्याला ख्रिस्ती करत नाही. बरा झाल्यावर तो पुन्हा केलेस्टिस देवीच्या देवळात जातो, तिच्याच कृपेनं वाचलो म्हणतो. पितळी भांड्याविषयी तो बोलत नाही आणि तुम्हीही विचारत नाही. सेवा करून माणूस आपल्याकडे ओढायचा असा हिशेब असता तर तुमचा हिशेब फसला असता. कामाची वाटणी करताना बिशपनं अशी अट घातली नव्हती.

याच बिशपनं डेमेट्रियानसला उत्तरही लिहिलं, आणि ते मवाळ नाही. जग म्हातारं झालं आहे, जमिनीचा कस उतरला आहे, तुमच्या संकटांचा दोष आमच्यावर का टाकता, असं तो विचारतो. आम्ही संख्येनं पुष्कळ असूनही सूड घेत नाही, हेही बजावतो. पुढे तो येणाऱ्या न्यायाची आणि अग्नीची धमकी देतो, ती वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. अखेरीस मात्र तो त्याच डेमेट्रियानसला तारणाचं आमंत्रण देतो. खोट्या आरोपाला उत्तर द्यावं, चोख द्यावं. पण त्याच्या लेखणीपेक्षा त्यानं वाटलेल्या घागरी मला जास्त पटवून देतात.

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये हल्ली हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. उपासनेच्या वेळी दाराशी जमाव आला तर? कुणी खोटी तक्रार केली तर? काही म्हणतात गप्प बसा, काही म्हणतात आपणही दाखवून देऊ. कार्थेजच्या या माणसांनी कायद्याचा आधार घेतला, जीव वाचवायला गाव सोडलं, खोट्याला खोटं म्हटलं. यातलं काहीच शत्रूवरच्या प्रेमाच्या आड आलं नाही. आड येतं ते एकच: शेजाऱ्याचं दार आपल्या यादीतून वगळणं.

२५३ च्या सुमाराला न्युमिडियातून पत्र येतं. टोळ्यांनी तिथल्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना पळवून नेलं आहे. कार्थेजची मंडळी १,००,००० सेस्टर्स जमवून सोडवणुकीसाठी पाठवते. तुम्हीही काहीतरी टाकता.

मग वॅलेरियन सम्राटाचा हुकूम येतो. ३० ऑगस्ट २५७ ला सिप्रियन प्रोकॉन्सल पॅटर्नसच्या कचेरीत उभा आहे. तो सांगतो की मी ख्रिस्ती आहे, बिशप आहे, आणि ज्या एका देवाला आम्ही मानतो त्याच्याकडे रात्रंदिवस तुमच्यासाठी, सगळ्या माणसांसाठी आणि सम्राटांच्या कल्याणासाठीही प्रार्थना करतो. प्रोकॉन्सल विचारतो, शहरातले तुमचे धर्मगुरू कोण कोण? सिप्रियनचं उत्तर कचेरीच्या कागदात नोंदलेलं आहे: चहाडीला तुमच्याच कायद्यानं मनाई केली आहे, मी त्यांची नावं सांगणार नाही. तुम्ही शोधा, ते आपापल्या गावात सापडतील. यात उद्धटपणा नाही आणि लबाडीही नाही. सात वर्षांपूर्वी कुणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं, तेव्हा नाव न सांगण्याची किंमत इतरांपेक्षा तुम्हाला जास्त कळते. त्याला कुरुबिस या समुद्रकाठच्या गावी हद्दपार करतात. ते आज ट्युनिशियातलं कोर्बा.

वर्षभरानं नवा प्रोकॉन्सल गॅलेरियस मॅक्सिमस त्याला परत बोलावतो. आता पळायची वेळ नाही, असं सिप्रियन ठरवतो. बिशपनं आपल्या मंडळीच्या शहरातच साक्ष द्यावी, असं त्याचं मत आहे. १३ सप्टेंबर २५८ ला त्याला आणतात, पण प्रोकॉन्सल आजारी आहे, हवापालटासाठी सेक्स्टीच्या वाडीत राहिला आहे, आणि सुनावणी उद्यावर जाते. ती रात्र बिशप एका अधिकाऱ्याच्या घरी काढतो. बाहेर सगळी मंडळी रस्त्यावर बसून आहे, तुम्हीही. आतून निरोप येतो की गर्दीतल्या मुलींची नीट काळजी घ्या.

सकाळी ऊन आणि चालणं यानं तो घामानं निथळलेला आहे. एक शिपाई पुढे येतो, पूर्वी तो ख्रिस्ती होता. आपले कोरडे कपडे घाला, असं तो म्हणतो. सिप्रियन घेत नाही, पण त्याला दूरही लोटत नाही. त्या शिपायाकडे तुम्ही पाहता, आणि २५० सालची वेदीकडे धावणारी माणसं आठवतात.

निकाल थोडक्यात होतो: तलवारीनं शिरच्छेद. सिप्रियन देवाचे आभार मानतो. गर्दी ओरडते, आमचीही डोकी उडवा. सेक्स्टीच्या मैदानात झाडांवर माणसं चढली आहेत. तो अंगरखा काढतो, गुडघे टेकतो, प्रार्थना करतो. मग तागाच्या कपड्यांनिशी उभा राहतो आणि आपल्या माणसांना सांगतो, मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्या. डोळ्यांवर पट्टी तो स्वतः बांधतो. हात बांधणं त्याला जमत नाही, ज्युलियानस नावाचा धर्मगुरू आणि त्याच नावाचा उपडीकन ते करतात. मारेकऱ्याचा हात थरथरतो आहे. तुम्हाला वाटतं की ती नाणी त्या हातासाठीच आहेत, दुसऱ्याच्या हुकमावरून हे काम करावं लागणाऱ्या हातासाठी.

तुमच्या शेजारचा तरुण चिडून विचारतो, खुन्याला पैसे? मंडळीचे पैसे? तुम्ही त्याला घागरीची गोष्ट सांगू लागता. तो ऐकत नाही. रात्री मेणबत्त्या आणि मशाली लावून देह मॅपालियन रस्त्यावरच्या दफनभूमीत नेतात, आणि तोवर तुमचा वाद चालूच असतो.

काही दिवसांत गॅलेरियस मॅक्सिमस वारतो. तरुण तुमच्याकडे धावत येतो, डोळ्यांत चमक आहे. देवानं हिशेब चुकता केला, म्हणतो. तो माणूस आधीपासून आजारी होता, तुम्ही सांगता, आणि आपला बिशप सम्राटांसाठीदेखील प्रार्थना करत होता. तरुण गप्प होतो, पण त्याला पटलेलं नाही. रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, ती याही आठवड्यात गाळलेली नाही, आणि तो तुमच्याच शेजारी उभा आहे. नवा प्रोकॉन्सल अजून यायचा आहे. तो आला की त्याच्यासाठीही ती करायची आहे.